डोंगराची चूक

पावसाळा अंगात मुरला की आमच्या गोव्यातल्या सड्यांवरचा काळपट जांभा मऊ वाटू लागतो, त्याच्या खळग्यांत बोटभर पाणी थांबतं, आणि श्रावणाच्या सुमारास त्या पाण्याच्या काठाकाठाने सीतेची आसवं उमलतात, निळी-जांभळी, करंगळीच्या नखाएवढी, इतकी दाट की दुरून दगडावर आभाळ उतरल्याचा भास व्हावा. जवळ जाऊन वाकावं लागतं. जांभ्यात खायला काही नाही, म्हणून ही नाजूक रोपं ओल्या मातीत इवल्या पिशव्या लावून किडे पकडतात. सडा ओसाड आहे म्हणणाऱ्याने एकदा तरी गुडघे टेकून पाहावं.

सड्याने प्यायलेला हा पाऊस दिसेनासा होतो. मग कधीतरी, वरचं गवत वाळून सोनेरी झाल्यावर, डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो, कुळागराच्या पाटांतून पोफळींच्या सावलीत, मिरवेलीच्या वासात रेंगाळतो आणि उरलेला खाली खाडीकाठच्या खाजनशेताकडे जातो. तिथे बांधावर मानशीचं लाकडी दार आहे. ओहोटीला ते आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं, भरती आली की खाडीच्याच जोराने मिटतं. समुद्राचा रेटाच समुद्राला शेताबाहेर ठेवतो, आणि बांधाच्या आत खाऱ्या मातीवर कोरगुटाचं भात निर्धास्त वाढतं.

नकाशात यातलं काही नसतं. तिथे झोनचा रंग असतो.

2023 साली गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 17(2) हे पोटकलम आलं. प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करता याव्यात, असं त्याचं सौम्य कारण. पुढच्याच वर्षी 39अ आलं आणि जमिनीचा झोन बदलून तिथे बांधकाम करायला आणखी एक दार मिळालं. मार्च 2025मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 17(2)खालचे नियम रद्द केले, तेव्हा कितीतरी गावांनी सुस्कारा सोडला. मी मात्र त्या एका शब्दापाशी अडकून राहिले. चूक. डोंगराने ती नेमकी कधी केली? पाणी धरलं तेव्हा, की उतार सोडला नाही तेव्हा?

घर कोणाला नको? वडिलोपार्जित जागेत दोन खोल्या वाढवण्यासाठी गावातल्या पोराला किती खेटे घालावे लागतात, ते मी पाहिलं आहे. त्याची अडचण खरी आहे, तिच्यासाठी नियम जरूर सैल करा. पण कापलेल्या उतारावर खाडीचा देखावा विकणाऱ्या बंगल्यांत तो राहायला जाणार नाही. त्याच्या वाट्याला पहिल्याच मोठ्या पावसात पाटांत उतरणारा लाल चिखल येईल, आणि उन्हाळ्यात आटलेली विहीर.

लोक बोलले की आराखडेही मागे फिरतात. 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा अमलात राहिला नाही. माणसं रस्त्यावर उतरली आणि जानेवारी 2007मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. म्हणून सांगते, राजपत्रातल्या बारीक टायपात आपल्या गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर शोधत चला. 39अखालच्या झोनबदलाला हरकत घ्यायला 30 दिवस मिळतात. आपली हरकत लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.