देवाला न चाललेली फुलं

आमच्या घरी फुलांवर पहिला हक्क देवाचा. आई सकाळीच परडी घेऊन अंगणात जाते आणि जास्वंद, तगर, अनंत, जे जे धड असेल ते खुडून आणते. किडकं, फाटकं, डागाळलेलं फूल देवाला चालत नाही, ते झाडावरच राहतं. माझ्या कॅमेऱ्याच्या वाट्याला येतात ती ही उरलेली फुलं. आणि खरं सांगू? मला तीच जास्त आवडायला लागली आहेत.

अशा फुलाचा अगदी जवळून फोटो काढताना पहिला प्रश्न हा, की त्याची खोट ठेवायची कुठे? फूल बरोब्बर मध्ये घेतलं तर सगळं कसं गोल, नीटनेटकं होतं आणि त्यात पाकळीला पडलेलं भोक नुसतं खटकत राहतं. तेच फूल जरा बाजूला सरकवून भोकाच्या बाजूला मोकळी जागा सोडली, की नजर आपणहून तिकडे जाते. ऊन मागून येत असेल तर उत्तमच. पाकळी उजळते, शिरा दिसतात, आणि मागे सावली असली की भोक काळंभोर उठून दिसतं.

मग फोकस. फूल प्रत्यक्षात जेवढं आहे तेवढंच सेन्सरवर उमटेल इतकं जवळ गेलं, तर एफ/८ लासुद्धा जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. म्हणजे जास्वंदीचे परागकण हवेत की कुरतडलेली कड, हे ठरवावंच लागतं. मी कड निवडते. ती धूसर राहिली तर चुकून फोटोत आल्यासारखी वाटते.

आयर्विंग पेन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९६७ ते १९७३ या काळात ‘व्होग’ मासिकासाठी फुलांचे फोटो काढले. १९८० मध्ये त्यांचं ‘फ्लॉवर्स’ हे पुस्तक आलं. त्यातली कितीतरी फुलं उतरणीला लागलेली आहेत, कडा तपकिरी पडलेल्या, पाकळ्या गळायच्या बेतात.

आता तर फोनवर डागावरून बोट फिरवलं की डाग गायब! माझा भाचा म्हणतो, “मावशी, दोन सेकंदांचं काम आहे, का नाही करत?”

आमची आत्या गेली, तेव्हा हार घालायला तिचा फोटो मोठा करून आणला होता. तिच्या हनुवटीवर लहानपणी भाजल्याची खूण होती. स्टुडिओवाल्याने कुणी न सांगताच ती पुसून टाकली. आई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, “या आमच्या वन्सं नव्हेत.” मूळ फोटो नंतर सापडलाच नाही. भिंतीवर आजही तोच आहे, बिनखुणेचा.

असो. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. संध्याकाळी मिटतं, मग गळून पडतं, आणि ती कुरतडलेली कड फक्त माझ्या फोटोत उरते. ती आहे तशीच राहू दे, असं मी भाच्याला सांगितलं. त्याला पटलंय असं काही वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?