तिल्लीचा पाव आणि हद्दपार झालेले लोक

१/ क्रूझ जहाज पालेर्मोच्या बंदरात काही तासच थांबते. तेवढ्यात अनेक प्रवासी वाटाड्यासोबत पायी खाद्यभ्रमंतीला निघतात. सिसिलीचा इतिहास तिथे कढईतही वाचता येतो. 🧵

२/ आधी ‘पानेल्ले’: हरभऱ्याच्या पिठाची तळलेली वडी, पावात घातलेली. मराठी माणसाला वडापाव आठवावा! तिचे मूळ अरब राजवटीत (पालेर्मोत ८३१ ते १०७२) असल्याचे मानले जाते.

३/ मग ‘पानी का मेउसा’: वासराची तिल्ली व फुप्फुस उकडून, चरबीत परतून पावात भरतात. नुसते लिंबू पिळले तर तो ‘अविवाहित’, चीज घातले तर ‘विवाहित’.

४/ लोकपरंपरा सांगते, की ज्यू खाटकांना जनावर कापण्याचे पैसे घेणे धर्माने वर्ज्य होते. मोबदला म्हणून आतले अवयव मिळत. ते शिजवून विकले जात.

५/ १४९२. सिसिलीवर आरागॉनच्या फर्डिनांडची सत्ता होती. स्पेनप्रमाणे इथूनही ज्यूंच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. शतकानुशतके नांदलेल्या समाजाला बेट सोडावे लागले. पदार्थ मात्र राहिला.

६/ आज तो डुकराच्या चरबीत परततात, वर चीज किसतात. ज्यू आहारनियमांनुसार डुक्कर निषिद्ध आणि मांसासोबत दूधदुभतेही. ज्यांनी तो घडवला असे मानतात, त्यांनाच आज तो खाता येणार नाही.

७/ जुन्या ज्यू वस्तीतील रस्त्यांच्या पाट्या आता इटालियन, हिब्रू व अरबी अशा तीन भाषांत आहेत. जहाजाची वेळ झाली, तरी त्यांच्यापाशी क्षणभर थांबावे.