वाजतं का?

मंडईतल्या माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींकडे कोथिंबिरीच्या जुड्यांमागे एक चौकोनी डबी असते. पावसाळ्यात तिच्यावर दुधाची रिकामी पिशवी उलटी घातलेली असते. एरवी ती उघडीच, धुळीत आणि मेथीच्या मातीत. परवा पंचेचाळीस रुपये झाले. मी फोन काढला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला कोड स्कॅन केला, पैसे पाठवले आणि सवयीनं फोनचं तोंड मावशींकडे वळवलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एका हातात काकड्या, दुसऱ्या हातात वजनाचं माप. “ताई, तुमचं हिरवं झालं असेल हो, माझं वाजू द्या.”

मग मी आणि माझ्या मागचे एक गृहस्थ त्या डबीकडे बघत उभे राहिलो. डबी गप्प. मावशींनी तेवढ्यात गृहस्थांच्या मिरच्या तोलल्या, वर कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकल्या. शेवटी डबी एकदाची बोलली आणि पंचेचाळीस रुपये मिळाल्याचं तिनं अख्ख्या रांगेला सांगितलं. मावशी मान वर न करता म्हणाल्या, “हां, या.”

गेल्या दहा वर्षांत घरात आणि बाजारात जितक्या नव्या वस्तू आल्या त्यांत मला सगळ्यात हुशार वाटते ती ही डबी. मनगटावरचं घड्याळ नाडी मोजतं, फ्रिजच्या दारावर पडदा आला, दिवे फोनवरून रंग बदलतात. पण या सगळ्यांना आपले डोळे लागतात, आणि तेही रिकामे. या डबीला डोळे लागत नाहीत. ती बनवणाऱ्यांनी कामात गढलेलं माणूस जवळून पाहिलेलं असणार. हात ओले, नजर तराजूवर, तोंड भाव करण्यात; मोकळा राहतो तो कान.

तशी ती अगदी अलीकडची. एप्रिल २०१६ मध्ये तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआयची सुरुवात केली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि पानाच्या टपरीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे काळ्या-पांढऱ्या चौकटी चिकटल्या. ती चौकट मूळची आपली नाही आणि पैशांसाठीही नाही. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ती मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी केली. तिचे तीन कोपरे यंत्राला चटकन ओळखता यावेत म्हणून तिथल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक खास प्रमाण ठरवलं, आणि थोडा भाग मळला किंवा फाटला तरी बाकीच्यावरून मजकूर जुळवता यावा अशी सोयही केली. कंपनीनं पेटंटचा हक्क गाजवला नाही, म्हणून ती जगभर गेली. मावशींच्या पुठ्ठ्यावर टोमॅटोचा डाग पडला आहे, तरी कोड चालतो, तो या सोयीमुळे.

पण या चौकटीनं सोय केली ती पैसे देणाऱ्याची. घेणाऱ्याचं काय? त्याला पैसे आले की नाही हे कळायला संदेश उघडून बघावा लागे. ओल्या हातानं फोन कसा धरायचा? संदेश कधी लगेच येई, कधी दोन गिऱ्हाइकं गेल्यावर. दुकानाचा फोन मालकाच्या खिशात आणि गल्ल्यावर पोऱ्या, म्हणजे पोऱ्यानं दर वेळी मालकाला हाक मारायची. मावशींचा फोन तर संध्याकाळी मुलीकडे, अभ्यासाला. मग गिऱ्हाइकानं दाखवलेल्या पडद्यावर विश्वास ठेवायचा, आणि तिथंच ठकसेन शिरले. खोटे स्क्रीनशॉट, पैसे गेल्याचं हुबेहूब चित्र दाखवणारी बनावट ॲप. गर्दीच्या वेळी कोण तपासत बसतंय?

२०१९ मध्ये पेटीएमनं बोलणारी डबी आणली आणि मागोमाग इतरांनीही. आत काय असतं? एक सिमकार्ड, एक बॅटरी, एक भोंगा. पैसे जमा झाल्याची खबर कंपनीकडून मोबाइलच्या जाळ्यातून थेट डबीत येते, दुकानदाराचा फोन मध्ये लागतच नाही. फोन घरी राहू दे, बंद राहू दे, मुलीच्या हातात राहू दे. मराठीत बोलायचं तर या डबीला आकडेही बरेच पाठ असावे लागतात, कारण आपल्याकडे शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचा उच्चार वेगळा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गडबड झाली तर भाजीवाली दहा रुपयांसाठी भांडेल, आणि बरोबरच करेल. पुढे एका कंपनीनं तर अमिताभ बच्चन यांचा आवाज या डबीत घातला. त्या भारदस्त आवाजात दहा रुपयांच्या भेळीची घोषणा ऐकली की हसू येतं, पण भेळवाल्याची मान ताठ होते हेही मी पाहिलंय.

डिसेंबर २०२४ या एका महिन्यात यूपीआयवर १,६०० कोटींहून जास्त व्यवहार झाले. इतका मोठा आकडा मला समजत नाही. मला समजतो तो संध्याकाळी सातचा मंडईतला गलका, ज्यात चार-पाच डब्या एकदम बोलत असतात आणि प्रत्येक बाईला आपली कुठली ते बरोबर कळतं. शेजारणीनं म्हणे मुद्दाम हिंदी लावून घेतली, मावशींच्या मराठीशी गल्लत नको म्हणून.

आपल्याकडे घर कानावर चालवायची रीत जुनीच. कुकरचंच घ्या. दाबाखाली अन्न शिजवायची युक्ती डेनी पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवली. आत दाब वाढला की पाणी शंभर अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण शिटी मोजणं ही आपली भर. कुकरबरोबर आलेल्या पुस्तिकेत मिनिटं लिहिलेली असतात. एकदा वाफ धरली की आच मंद करा आणि इतकी मिनिटं ठेवा, असं. ती कोण वाचतं? तूरडाळीला तीन, छोल्यांना सहा, भात दोन शिट्ट्यांत. शिटी हे कुठल्याच शास्त्राला मान्य होणारं माप नाही. आच मोठी की लहान, पाणी किती, कुकर पाच लिटरचा की तीन लिटरचा, यावर दोन शिट्ट्यांमधलं अंतर बदलतं. तरीही आई बाहेरच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसून, रेडिओ चालू ठेवून, आमच्याशी बोलता बोलता आतल्या शिट्ट्या बरोबर मोजायची. आणि तिचं लक्ष चुकलं तर शेजारून हाक यायची, “अहो, चौथी झाली!” ही सोय कुठल्या पुस्तिकेत असते?

२०१० मध्ये कॅनडात रॉबर्ट वांग यांनी इन्स्टंट पॉट बाजारात आणला. विजेवरचा, तापमान आणि दाब स्वतः सांभाळणारा, आणि न शिटी वाजवणारा. परदेशातल्या मराठी घरांत तो हां हां म्हणता पोचला. माझी चुलत बहीण न्यू जर्सीला असते, ती त्याच्या प्रेमात आहे. डाळ लावून ऑफिसच्या मीटिंगला बसता येतं, खाली लागत नाही, उतू जात नाही. हे सगळं खरंय. तरी ती आईला फोन करून विचारते की मटकीच्या उसळीला शिट्ट्या किती, आणि मग शिट्ट्यांची मिनिटं करते. आईला मिनिटं विचारून उपयोग नाही, तिच्याकडे ती नाहीतच.

कानाचा असाच विचार फार पूर्वी एका पुणेकर अभियंत्यानं केला होता, शेतकऱ्यासाठी. शेतीपंपाला थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत बारा वाजता वीज यायची असेल तर बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर जायचं, वाटेत साप-विंचू, आणि पोचल्यावर कळायचं की वीज आलेलीच नाही. संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांचे असे हेलपाटे पाहिले होते. त्यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं यंत्र केलं. स्टार्टरला एक मोबाइल जोडलेला. शेतकऱ्यानं घरून त्या नंबरवर फोन लावायचा. पलीकडून येणाऱ्या स्वरावरून वीज आहे की नाही ते कळतं आणि आकडे दाबून पंप चालू-बंद करता येतो. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. तेव्हा खेड्यात स्मार्टफोन नव्हते, साधे बटणांचे होते, आणि यंत्राला तेवढे पुरत होते.

माझ्या मामाच्या मोटारीवर असंच एक यंत्र आहे, कुठल्या बनावटीचं ते त्यालाही आठवत नाही. तो पहाटे अंथरुणातच फोन कानाला लावतो, क्षणभर ऐकतो आणि एकतर उठतो किंवा कूस बदलतो. मामेभावानं नवं ॲपवालं बसवू या म्हणून बराच आग्रह केला. त्यात म्हणे आलेख दिसतो. मामा म्हणाला, “आलेख बघायला चष्मा शोधावा लागतो. चष्मा शोधेस्तोवर लाइट जाते.”

मोठमोठ्या योजना आखणाऱ्यांनाही हे कधीतरी सुचतंच. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं साध्या फोनवाल्यांसाठी यूपीआयची जी सोय सुरू केली तिच्यात मिस्ड कॉल देऊन आणि ध्वनिलहरींवरून पैसे पाठवण्याचे मार्गही आहेत. मिस्ड कॉल! एक दमडी न घालवता ‘मी पोचलो’, ‘खाली ये’, ‘गाडी सुटली’ एवढं सगळं एका घंटीत सांगणारा हा आपला जुना शोध, कुणाच्याही नावावर नसलेला.

आता याची दुसरी बाजू. कान झाकता येत नाही, आणि तो फक्त आपल्यालाच ऐकवत नाही. भाजीच्या गाड्यावर सगळ्यांनी आकडा ऐकला तर उलट बरं. रांग साक्षीला असते, बाचाबाची होत नाही. पण औषधाच्या दुकानात तीच डबी मोठ्यानं चार हजार दोनशे सांगते आणि मागचा माणूस आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो, ते नको वाटतं. गुरुजींच्या पाटाशेजारी डबी ठेवलेली मी अजून पाहिली नाही, पण ती येईल. दक्षिणा मुठीत झाकून द्यायची पद्धत होती ती काही उगाच नव्हती. या डब्यांना हळू बोलायचं बटण असतं. ते फारसं कुणी दाबत नाही, कारण गलक्यात हळू बोललेलं दुकानदाराला ऐकू येत नाही. यावर चांगला तोडगा मला सुचलेला नाही, बनवणाऱ्यांना सुचावा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं तर भोंग्यालाच कामाला लावलं. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, मुलांनी अभ्यासाला बसायचं. दीड तासानं पुन्हा भोंगा, मग मोकळीक. टाळेबंदीत शाळा फोनवर आली आणि फोन काही परत गेला नाही, त्यावर ग्रामसभेनं काढलेला हा उपाय. पडदे आटोक्यात ठेवायचं एखादं ॲप त्यांना सहज मिळालं असतं, पण ते प्रत्येक फोनवर वेगळं आणि प्रत्येकाच्या मर्जीवर. भोंगा सगळ्यांना एकदम ऐकू येतो, त्यामुळे न ऐकल्याची सबब सांगता येत नाही.

नव्या घरगुती यंत्रांचा मला राग येतो तो ती आवाज करतात म्हणून नाही. सगळ्यांचा आवाज एकच असतो म्हणून. धुण्याचं मशीन, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, पाण्याचं फिल्टर, सगळी तोच बारीक ‘टीं’ करतात. आतून टीं ऐकू आलं की घरातली चार माणसं चार दिशांना जातात. आणि बटणं गेली. गुळगुळीत काळी काच, तिच्यावर पुसट खुणा, बोटाला काही लागत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना मोतीबिंदू आहे. त्यांनी इंडक्शनच्या काचेवर चालू-बंदच्या खुणेशेजारी लाल टिकली चिकटवली आहे आणि आच कमी करायच्या खुणेशी दोन हिरव्या. चाचपून, टिकल्या मोजून त्या चहा करतात. कंपनीच्या आराखडा करणाऱ्यांनी एकदा येऊन ते बघून जावं असं मला फार वाटतं.

गेल्या महिन्यात काकूंच्या मुलानं त्यांच्यासाठी नवं धुण्याचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि मला सोबत नेलं. दुकानातला पोरगा उत्साही होता. कापडाचं वजन ते स्वतः ओळखतं, पाणी किती घ्यायचं ते स्वतः ठरवतं, वायफायला जोडलं की जगात कुठूनही सुरू करता येतं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “ते ठीक आहे रे. धुणं झालं की वाजतं का?”

“आजी, फोनवर नोटिफिकेशन येतं ना.”

“फोन देवघरात चार्जिंगला असतो,” काकू म्हणाल्या आणि शेजारच्या मशीनकडे वळल्या.