आधी चीक

डेन्मार्कमध्ये, यूटलँडच्या एका डुक्करफार्मवर शिकायला येऊन मला तीनच आठवडे झाले होते. गावाकडे म्हशी सांभाळल्या होत्या, पण डुकरीण इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. त्या सकाळी विणीचा गोठा बघणाऱ्या बाईंनी फ्रीजमधली लसीची बाटली माझ्या हातात दिली. “मुठीत धर, गारठा जाऊ दे, मग नीट हलव,” म्हणाल्या आणि गाभण माद्यांची यादी समोर ठेवली.

मला काही उमगेना. लस पिलांची हगवण टाळण्यासाठी, एवढं कळलं होतं. पण पिलं तर अजून पोटात, आणि सुई टोचायची धडधाकट आईला? मग वाटलं, नाळेतून जात असेल पिलांपर्यंत. तसं विचारलं, तर बाईंनी ठाम मान हलवली. डुकरिणीच्या वारेतून रोगाशी लढणारी द्रव्यं पलीकडे जातच नाहीत. पिलू जन्मतं ते रिकाम्या हातानं. जे मिळायचं ते पहिल्या दुधातून. डॅनिशमध्ये त्याला ‘कच्चं दूध’ म्हणतात.

म्हणजे चीक! आमची आजी वासरू पोटभर प्यायल्याशिवाय खरवसासाठी थेंब काढू द्यायची नाही. इतक्या दूर येऊन मला आजीचंच म्हणणं नव्यानं कळत होतं.

डुकरीण 114 दिवसांनी विते. तिच्या अंगात ई. कोलाय आणि क्लॉस्ट्रिडियम या जंतूंविरुद्धची ताकद तयार होऊन चिकात उतरायला वेळ लागतो, म्हणून तारखा आधीपासून मोजायच्या. पहिलटकरणीला दोनदा, जुन्या मादीला विण्याआधी एकदा. कानामागे, मानेच्या जाड स्नायूत 2 मिली. पहिलीला टोचताना तिची कातडी थरथरली, माझा हातही. मग पाठीवर निळी रेघ ओढायची, म्हणजे कुणी सुटत नाही आणि कुणाला दोनदा टोचलं जात नाही.

पुढे एक पहिलटकरीण रात्री व्याली. पिलं 18, सडं 14. लस झालीय म्हणून मी निर्धास्त होतो. शेवटी जन्मलेलं, जेमतेम 700 ग्रॅमचं पिलू धडपडून मागेच राहत होतं, हे मला दिसलं होतं, तरी मी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची शेपटी ओली, मागचं अंग पिवळ्या पाण्यानं भिजलेलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं. चीक शोषून घेणारं आतडं साधारण दिवसभरात, फार तर दीड दिवसात मिटतं, हे बाईंनी मला त्यानंतर सांगितलं. लस आईच्या सडापर्यंतच पोचते. तिथून पिलाच्या पोटात ती मीच पोचवायला हवी होती. ते पिलू अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता वीण सुरू झाली की मी गोठ्यातच थांबतो. पोट भरलेली थोराड पिलं तासभर दिव्याखालच्या खोक्यात ठेवतो आणि बारक्यांना सडाला लावतो. काल एक असंच मुठीएवढं पिलू तळहातावर धरलं होतं. सड सारखं निसटत होतं. मग एकदाचं धरलं, आणि त्याचा गळा माझ्या बोटाखाली हलायला लागला.