कर्ता फरार

सकाळचा चहा घेताना वर्तमानपत्रातील वाक्यांची फोड करीत बसणे ही माझी जुनी खोड आहे. वीस वर्षे कॉलेजात मराठी व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला याहून निराळे व्यसन कोठून लागणार? आमच्या विश्रांतवाडीचे नाव पेपरात येते ते वारीच्या दिवसांत, माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे याच वाटेने जाते म्हणून. एरवी येते ते बहुधा अपघातामुळे.

या अपघातांच्या बातम्यांत एक गंमत आहे. तेथे माणसे वाहने चालवीत नाहीत. वाहनेच माणसांवर चालून जातात. 'भरधाव ट्रकने दुचाकीस्वारास चिरडले.' परीक्षेत घालावे असे वाक्य! कर्ता कोण? ट्रक. प्रयोग कोणता? भावे. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही की कर्माप्रमाणेही नाही. बघ्यासारखे ते तटस्थ उभे राहते. चालक आपल्याला भेटतो तो अगदी शेवटच्या ओळीत, आणि तोही पळून जाण्यापुरता: 'चालक फरार आहे.' कधी चालकाचा 'ताबा सुटतो'. जणू ताबा म्हणजे दावे तोडून पळालेले वासरूच! खुद्द 'अपघात' या शब्दात घात आहे, घात करणारा मात्र नाही.

बातमीदाराला तरी बोल कसा लावावा? गुन्हा शाबीत होण्यापूर्वी माणसाचे नाव घेणे जोखमीचे. ट्रक काही अब्रुनुकसानीचा दावा लावीत नाही.

पण वाहनांतही जातपात असते. 19 मे 2024 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, आमच्यापासून फार लांब नसलेल्या कल्याणीनगरात एका मोटारीच्या धडकेने मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. साऱ्या देशात ते 'पोर्शे प्रकरण' म्हणून गाजले. मोटारीचे नाव तोंडोतोंडी झाले. गेलेल्या दोघांची नावे किती जणांना आठवतात? त्याच वर्षी डिसेंबरात वाघोलीला, केसनंद फाट्याजवळ, पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. दोन चिमुकल्या मुलांसह तिघे दगावले. तो डंपर कोणत्या कंपनीचा, याची चौकशी कोणी केली नाही. कष्टाच्या वाहनाला आडनाव नसते.

कल्याणीनगरच्या मुलाला बाल न्याय मंडळाने प्रथम जामीन दिला, तेव्हा त्याच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याचीही एक अट होती. देशभर संताप उसळला. आमच्या स्टाफरूममध्ये मीही टाळी घेतली, "तीनशे शब्द? एवढ्यावर आमच्याकडे कोणी पास होत नाही!" सगळे हसले. घरी परतताना विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नलला थांबलो आणि माझे हसू मावळले.

2023 च्या पावसाळ्यात याच चौकाजवळ माझ्या स्कूटरची धडक एका भाजीवाल्या मावशींना बसली होती. मेथीच्या जुड्या चिखलात विखुरल्या. त्यांचे मनगट मोडले. दवाखान्याचा खर्च मी दिला आणि घरी येऊन सौ.ला सांगितले, "स्कूटर घसरली. एका बाईंना जरा लागले."

पाहिलेत? आत्तासुद्धा मी 'स्कूटरची धडक बसली' असेच लिहून गेलो! खिशातला मोबाईल वाजला, तो काढून मी पाहत होतो, हे ना तेव्हा सांगितले, ना आत्ता. त्यानंतर मी भाजीही दुसऱ्या रस्त्यावरून आणू लागलो. 'चालक फरार' आणखी निराळा तो काय असतो?

यंदा श्रावणात मात्र मुद्दाम गेलो. मावशी तेथेच बसल्या होत्या. जुडी बांधताना सुतळीचे टोक दातांत धरीत होत्या.

"हात कसा आहे, मावशी?"

"गाडी लागली तवापासनं वळत न्हाई बगा पुरता. नशिबाचा खेळ, दुसरं काय!"

माझी सुटका त्यांनीच करून ठेवली होती. तेच वाक्य, तोच नाहीसा झालेला कर्ता. मेथी घेऊन निघून गेलो असतो तरी चालले असते.

"गाडी नव्हे, मावशी," मी म्हणालो, "मी धडक दिली. फोन बघत होतो."

त्यांनी सुतळी खाली ठेवली. माझ्याकडे नीट पाहिले.

"मग सर, हे तवाच का न्हाई बोललात?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तीनशे शब्दांना हसणाऱ्या मला तीन शब्द जुळवायला दोन वर्षे लागली होती.