जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगचे आवाज : भाच्यास पत्र



स्टिअरिंगचा आवाज कोणत्या भागाचा हे ठरवण्याआधी तो नेमका केव्हा येतो हे ठरवावे लागते, कारण लोखंडी चासीतून आवाज दूरवर जातो आणि पुढच्या चाकाजवळची खट् चालकाला पायाखाली झाल्यासारखी वाटते. म्हणूनच तू कळवलेले ‘गाडी वळताना वाजते’ हे वर्णन अपुरे आहे. आवाज गाडी उभी असताना येतो की चालताना, इंजिन बंद असतानाही येतो की केवळ चालू असताना, चाके पूर्ण वळल्यावर येतो की मध्यातून हलवताना, एवढे टिपून ठेवले तरी गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच निम्मे निदान झालेले असते.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा घूं-घूं आवाज बहुधा पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा असतो. हा पंप इंजिनावरील पट्ट्याने फिरतो आणि त्याने दाबलेले तेल चाके वळवण्यास बळ पुरवते. 1951 साली क्रायस्लरच्या इंपीरियल मोटारीबरोबर ही सोय बाजारात आली आणि पुढे पिकअप गाड्यांतही पट्टा, पंप व तेल हीच मूळ रचना राहिल्यामुळे तिच्या दोषांचे आवाज कंपनीगणिक फारसे बदलत नाहीत. टाकीतील तेल फेसाळलेले दिसले तर त्यात हवा मिसळली आहे असे समजावे. मात्र टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत तेल खेचले जात असल्याने, तिची क्लिप सैल असली तरी बाहेर थेंबही न गळता आत हवा शिरू शकते, आणि ‘गळती नाही, म्हणजे पंपच गेला’ असे मानून चांगला पंप बदलला जातो. थंड इंजिनावर येणारी किंचाळी सहसा ढिल्या किंवा गुळगुळीत झालेल्या पट्ट्याची असते. पूर्ण वळणावरची हलकी ‘फुस्स’ ही दाब मर्यादेत ठेवणारी झडप उघडल्याची खूण असून तो दोष नव्हे. चाके तेवढी त्या टोकाला 5 सेकंदांहून अधिक दाबून धरू नयेत, कारण तेल झपाट्याने तापते.

खट् आवाजाकडे अधिक काळजीने पाहावे लागते, कारण तो सुटू पाहणाऱ्या सांध्याचा असू शकतो. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना मागेपुढे ओट लावून व इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग मध्याच्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने खाली शिरून एकेक सांधा मुठीत धरावा. सांध्याचा एक भाग आधी हलला आणि दुसरा क्षणभर मागे राहिला, तर ती ढिलाई कानाआधी तळहाताला कळते. गाडी जॅकवर उचलली की सांध्यांवरचा भार बदलतो आणि पुष्कळदा आवाजच नाहीसा होतो, म्हणून ही परीक्षा चाके जमिनीवर असतानाच घ्यावी. स्टिअरिंगच्या दांड्यातील क्रॉस, म्हणजे कोनात जोडलेल्या दोन दांड्यांमधला सांधा, प्रथम पाहावा. मग स्टिअरिंग बॉक्सचे, म्हणजे स्टिअरिंगचा फेरा चाकांच्या दांड्यांकडे पोहोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीचे, चासीवरील बोल्ट, ज्यांच्याभोवती तांबूस भुकटी साचली असेल तर बॉक्स हलत असल्याचा संशय घ्यावा. आणि शेवटी टायरॉड एंड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांचे गोळीचे सांधे. सावकाश वळताना येणारी करकर बहुधा कोरड्या पडलेल्या बॉल जॉइंटची किंवा किंगपिनची, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या सांध्याची, असते, आणि ग्रीसचे निपल असल्यास प्रथम ग्रीसगनच वापरावी.

ढिलाई दिसताच बॉक्सवरचा दाते जुळवण्याचा स्क्रू आवळण्याची सवय मात्र हानिकारक आहे. गाडी बहुतेक काळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्समधील दाते मध्यभागी अधिक झिजतात, आणि तेथील झीज भरून काढण्यासाठी स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला तर कडांना दाते जखडतात व वळणानंतर चाके आपोआप सरळ होत नाहीत. झिजलेला सांधा तसाच राहतो, केवळ त्याची जाणीव दडपली जाते.

टायरॉड एंड बदलल्यास खाचांच्या नटातील पिन नवीच घालावी, खाच जुळत नसेल तर नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, आणि लगेच अलाइनमेंट करून घ्यावी. तोवर पिकअपमध्ये माल भरू नये.

कळावे,
मामाचे आशीर्वाद