न्गोरोंगोरोच्या कड्यावर

चिरंजीवांच्या आग्रहास्तव टांझानियांतील न्गोरोंगोरोच्या कड्यावर एका ऐषारामी अतिथिगृहांत आम्ही दोन रात्री राहिलों. खालीं सुमारें ६०० मीटर खोल, विझलेल्या ज्वालामुखीचें कुंड. त्यांत सिंह, हत्ती, गेंडे, आणि मागाडी सरोवरांत रोहित पक्ष्यांची गुलाबी दाटी! काव्यांतील आश्रमवर्णन प्रत्यक्ष भेटलें. उणे ते मुनि तेवढे.

रात्रीं थंडीसाठीं बिछान्यांत ऊन पाण्याची पिशवी ठेवावयास आलेला मसाई तरुण म्हणाला, “माझे आजोबा खालीं गुरें चारीत.” १९५९ सालीं सेरेंगेटींतून उठविलेल्या मसाई लोकांस या मुलुखांत राहण्याची मुभा होती, १९७४ सालीं कुंडांतील त्यांची वस्तीहि हलविण्यांत आली. श्वापदें राखलीं हें उत्तमच. पण गुराखी असतांनाहि तीं तेथें होतींच कीं! पिशवी ऊन होती, तरी आम्हांस झोंप लागेना.